केप्याचं टिंब

केप्यापासून थेट पोळ्यापर्यंत, जिथे गोवा संपतो,
दगडांवरची पहिली देवनागरी माझ्या मामाची.
गुणो च्यारी. हात सुताराचा, हजेरी रोजंदारीची,
ब्रश सरकारी, परत करण्याच्या बोलीवर.
मी रंगाचा डबा धरायची. नऊ वर्षांची होते
आणि मला वाटायचं,
गावं दगडावर लिहिल्यानंतरच सुरू होतात.

आधी छिन्नीने पाखल्यांच्या क्यूची शेपटी तोडायची.
मग चुना. चुना वाळेपर्यंत मामाचा इतिहास:
हे सगळं सौंदेकर राजाचं होतं,
मग नव्या काबिजादी झाल्या,
नव्या म्हणजे पावणेदोनशे वर्षं जुन्या.
आता आपलं आहे.
"भाटकाराला तेवढं कळवायचं राहिलंय."
मग काळा रंग.

सांग्याने आम्हाला काहीच सांगितलं नाही,
नाव तेवढं मोठं.
रिवणला कुशावती इतकी उथळ
की म्हशी तिच्यात बसायच्या, बुडायच्या नाहीत.
खोल्यात दगडाशेजारी मिरच्या वाळत होत्या,
मामा शिंकला आणि 'ल' वाकडा झाला. तसाच राहिला.
गावडोंगरीचा एक वेळीप डोक्यावर कोंड्याची मोळी घेऊन
बराच वेळ बघत उभा होता. म्हणाला,
ज्याला यायचं त्याला वाट ठाऊक असते,
ज्याला ठाऊक नाही त्याला बोलावता कशाला?
मामाने त्याला विडी दिली. उत्तर नव्हतं.

भांडण केप्याच्या दगडावरून.
मामाने 'केपें' लिहिलं, वर टिंब,
घरी म्हणायचो तसं, थोडं नाकातून.
रायू मास्तर सायकलवरून उतरले:
टिंब काढ. ही मराठी आहे.
मामाने बोटभर चुन्याने टिंब पुसलं.
दुसऱ्या सकाळी आगुस्तीन पदेर, पावाची टोपली तशीच डोक्यावर:
गुण्या, गावाचं नाक कापलंस रे!
मामाने टिंब दिलं.
संध्याकाळी ते नव्हतं.
एका थेंबासाठी आम्ही त्या आठवड्यात
अर्धा डबा रंग संपवला.

मग सदुसष्टचा जानेवारी. फूल की दोन पानं.
रात्री कुणी दगडावर फूल काढलं,
कुणी त्याच्याच देठाला दोन पानं.
सकाळी दगड बागेसारखा दिसत होता
आणि त्यात किलोमीटरचा आकडा हरवला होता.
मडगावचा लॉरीवाला थांबून विचारत राहिला, केपे किती लांब?
लोक आधी त्याचं मत विचारत.

मामा गेला तेव्हा
सरकारी ब्रश आमच्याच घरी होता,
केस झडलेला. खात्याने कधी मागितला नाही.

पुढे कुडचड्याकडून खनिजाचे ट्रक आले,
सगळी नावं एकाच तांबड्या रंगात वाचू लागलो.
ट्रक बंद झाले, धूळ उरली.
मग हिरव्या पाट्या, रात्री चमकणाऱ्या,
पणजीत लिहिलेल्या, इथे फक्त ठोकलेल्या.
नवा रस्ता तळपणच्या नदीवरून उंच निघून गेला,
चावडीला न विचारता.
बाजारातला सोड्याचा दुकानदार आता
दुपारी दुकान उघडं टाकून झोपतो.

परवा भाच्याच्या स्कूटरवरून करमल घाट उतरताना
मी त्याला थांबवलं.
वारुळात अर्धा गेलेला दगड.
'काण' मुंग्यांनी घेतलाय. वर फक्त 'कोण'.
मी चप्पल काढून बाजूला ठेवली, का ते माहीत नाही,
नखाने शेवाळ खरवडलं.
आकडा लागत नव्हता.
भाचा मोबाइल बघून म्हणाला, नऊ पूर्णांक काहीतरी.
अकरा, मी म्हणाले.
तुला काय माहीत?
डबा मी धरला होता.